व्हीलचेअरवरील बैठक आणि दाब उतरवण्याची पद्धत: मज्जारज्जूच्या इजेनंतरची काळजी

खुर्चीवर तासभर बसलेल्या कोणत्याही माणसाकडे नीट पाहिले, तर तो एका जागी स्थिर नसतो. कधी तो एका बाजूवर भार टाकतो, कधी पुढे वाकतो, कधी पायावर पाय चढवतो. यातले काहीच तो ठरवून करत नाही. बसल्या जागी कळ लागू लागली की शरीर आपोआप जागा बदलते. मज्जारज्जूला इजा झाल्यावर ही कळ मेंदूपर्यंत पोहोचत नाही किंवा अर्धवट पोहोचते, आणि पोहोचली तरी नितंब हलवणारे स्नायू हुकमात नसतात. जे काम शरीर पूर्वी नकळत करत होते, ते आता ठरवून, वेळ पाळून आणि योग्य रीतीने करावे लागते.

दाब उतरवण्याच्या हालचाली बहुतेकांना रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी शिकवल्या जातात. परंतु मुळात बैठकच वाकडी असेल, तर त्या हालचाली कितीही नेमाने केल्या तरी मधल्या सगळ्या वेळात भार एकाच हाडावर पडत राहतो. म्हणून या मार्गदर्शनात बैठकीचा विचार आधी केला आहे, मग कुशनचा, आणि हालचाली त्यानंतर आल्या आहेत. इजा ताजी असेल, मणक्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पाठीला आधारपट्टा लावलेला असेल, तर पुढे वाकण्याची किंवा वळण्याची कोणतीही हालचाल उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय करू नये.

भार कुठे जातो

बसल्यावर शरीराचा बराचसा भार नितंबांच्या आत असलेल्या दोन हाडांच्या टोकांवर येतो. कडक बाकावर बसून दोन्ही तळहात नितंबांखाली घातले, तर ही टोके हाताला स्पष्ट लागतात. येथे त्यांना बसण्याची हाडे म्हटले आहे. माणूस पुढे घसरून पाठ गोल करून बसला, तर भार या हाडांवरून माकडहाडाकडे आणि त्याच्या वरच्या त्रिकास्थीकडे सरकतो, जिथे हाडावर त्वचेखेरीज फारसे काहीच नसते. एका बाजूला कलल्यास त्या बाजूचे बसण्याचे हाड आणि मांडीच्या वरच्या टोकाचा बाहेरचा उंचवटा दाबला जातो. टाचा, घोटे, कोपरे, खांद्याच्या पात्यांची टोके आणि पाठीच्या मणक्यांचे उंचवटे या जागाही विसरू नयेत.

हाड आणि बैठक यांच्यामध्ये दबलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि तेथील पेशींचा प्राणवायू तुटतो. सर्वांत जास्त ताण हाडाला लागून असलेल्या स्नायूवर येतो, आणि त्वचेच्या मानाने स्नायू हे उपाशीपण कमी सोसतो. म्हणून खोल बेडसोअर पुष्कळदा आतून सुरू होतो. वर नाण्याएवढा डाग दिसत असताना आत मोठी पोकळी झालेली असू शकते. इजेनंतर नितंबांचे स्नायू हळूहळू वाळतात, म्हणजे हाडाभोवतीची नैसर्गिक गादीही पातळ होत जाते. पहिल्या वर्षी काही झाले नाही, म्हणून दहाव्या वर्षी होणार नाही असे धरून चालता येत नाही.

दाब किती आहे, याइतकेच तो किती वेळ टिकतो यालाही महत्त्व आहे. मायकेल कोसियाक यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत हे स्पष्ट दिसले, की जास्त दाब थोड्या वेळात जे नुकसान करतो, तेच नुकसान कमी दाब बराच वेळ राहिल्यासही होते. त्याच्या आधी, १९४४ मध्ये, इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला, तेव्हा दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलण्याचा शिरस्ता त्यांनी घालून दिला. असे रुग्ण फार काळ जगत नाहीत असे ज्या काळी धरले जाई, त्या काळात या साध्या शिस्तीने अनेकांचे प्राण वाचले. मात्र पलंगावरचे दोन तास खुर्चीला लावू नयेत. आडवे असताना भार सगळ्या अंगावर पसरतो. बसल्यावर तोच भार थोड्याशा जागेत गोळा होतो, त्यामुळे खुर्चीतला हिशेब मिनिटांत करावा लागतो.

दाबाबरोबर आणखी दोन गोष्टी त्वचेला घात करतात. पहिली आतली ओढ. माणूस खुर्चीत हळूहळू पुढे घसरतो तेव्हा त्वचा कपड्याला आणि कुशनला चिकटून राहते, पण आतले हाड पुढे सरकते. मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या आणि पिळल्या जातात, आणि मग कमी दाबानेही त्या बंद पडतात. दुसरी ओल. घाम, लघवी किंवा शौचाने ओली राहिलेली त्वचा मऊ पडते, आणि एरवी जिथे फक्त लाली आली असती तिथे साल निघते.

बैठक: श्रोणीपासून सुरुवात

कंबरेच्या हाडांचा जो घेर असतो, त्याला श्रोणी म्हणतात. व्हीलचेअरमधली बैठक तपासताना डोके, खांदे आणि पाठ यांच्याकडे आधी लक्ष जाते, पण ते सगळे श्रोणीवर उभे असते. पाया कलला तर वरच्या भिंती सरळ करून काही साधत नाही.

तपासणी अशी करावी. व्हीलचेअरचे ब्रेक लावून मदतनिसाने समोर गुडघ्यांवर बसावे आणि दोन्ही तळहात बसलेल्या व्यक्तीच्या कंबरेच्या दोन्ही बाजूंना ठेवून, पोटाच्या खाली पुढे येणारी हाडांची दोन टोके अंगठ्यांनी शोधावीत. दोन्ही अंगठे एका उंचीवर आहेत का, हे आधी पाहावे. एक खाली असेल, तर त्या बाजूच्या बसण्याच्या हाडावर जास्त भार आहे. नंतर एक अंगठा दुसऱ्यापेक्षा पुढे आला आहे का, हे पाहावे. तसे असेल तर श्रोणी वळलेली आहे, आणि बहुधा एक गुडघाही दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला दिसेल. शेवटी बाजूने पाहावे. कंबरेच्या वरच्या कडेपेक्षा बसण्याचा भाग पुढे गेला असेल, पाठ गोल झाली असेल आणि हनुवटी पुढे आली असेल, तर श्रोणी मागे लवंडली आहे आणि भार माकडहाडाकडे गेला आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्यांमध्ये हीच चूक सर्वाधिक आढळते.

त्यानंतरचा प्रश्न असा, की हा कल हाताने सुधारता येतो का. मदतनिसाने हलक्या हाताने श्रोणी सरळ केली आणि ती सरळ झाली, तर बैठकीला योग्य आधार देऊन ती तशी टिकवता येईल. सांधे आखडल्यामुळे किंवा पाठीचा कणा बाजूला वाकल्यामुळे ती हलतच नसेल, तर जबरदस्तीने सरळ करू नये. अशा वेळी कुशन आणि पाठीचा टेकू यांनाच शरीराच्या आकाराप्रमाणे घडवावे लागते, आणि ते काम बैठकीच्या तपासणीचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडूनच करून घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये कणा वाकण्याचा धोका विशेष असतो, म्हणून त्यांची तपासणी वारंवार व्हायला हवी.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. घरातली माणसे प्रेमापोटी दिवसभर "सरळ बस" असे सांगत राहतात. पण ज्या व्यक्तीच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू काम करत नाहीत, तिला काटकोनात उभ्या पाठीवर बसवले तर ती पुढे पडते. पडू नये म्हणून ती नितंब पुढे सरकवते, पाठ गोल करून टेकूवर टाकते आणि हात मोकळे करून घेते. हा आळस नव्हे, तोल राखण्याचा तिला सापडलेला एकमेव मार्ग आहे. म्हणून बोलणी थांबवून खुर्ची बदलावी. पाठीचा टेकू थोडा मागे कलता करणे, श्रोणीच्या वरच्या कडेला मागून पक्का आधार देणे, किंवा बैठकीची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा थोडी खाली ठेवणे, यांपैकी योग्य तो बदल झाला की तीच व्यक्ती न सांगता नीट बसू लागते. बैठकीचा मागचा उतार मात्र थेरपिस्टच्या सल्ल्यानेच ठरवावा, कारण तो जास्त झाला तर पलंगावर किंवा गाडीत जाणे अवघड होते आणि माकडहाडावरचा भार वाढतो.

खुर्चीची मापे

पुढे घसरण्याचे कारण शोधताना आधी बैठकीची खोली मोजावी. नितंब टेकूला पूर्ण लागलेले असताना बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांच्यामध्ये दोन ते तीन बोटांची जागा राहिली पाहिजे. बैठक त्याहून लांब असेल तर कड गुडघ्यामागे रुतते आणि व्यक्ती पुढे सरकते. फार आखूड असेल तर मांड्यांना आधार मिळत नाही आणि तो सगळा भार बसण्याच्या हाडांवर जातो. रुंदी नितंबांच्या सर्वांत रुंद भागापेक्षा किंचितच जास्त असावी. पुढे अंग भरेल म्हणून मोठी खुर्ची घेणे चुकीचे आहे, कारण रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतोच.

फूटरेस्टची उंची फार थोडे लोक तपासतात, आणि मला ती सर्वांत स्वस्तात होणारी दुरुस्ती वाटते. फूटरेस्ट उंच असतील तर गुडघे वर येतात, मांड्या कुशनवरून उचलल्या जातात आणि बसण्याच्या हाडांवरचा दाब वाढतो. ते फार खाली असतील तर पाय लोंबतात, कुशनची पुढची कड मांड्यांत रुतते आणि पायांच्या वजनाने सगळे शरीर पुढे ओढले जाते. बरोबर उंची असेल तर मांडी पूर्ण लांबीभर कुशनवर टेकते आणि तळपायही फूटरेस्टवर सपाट राहतात. फूटरेस्ट आणि जमीन यांच्यामध्ये सुमारे ५ सेंटीमीटर अंतर राहायला हवे. कुशन बदलले की बसण्याची उंची बदलते, म्हणून फूटरेस्ट, हाताचे टेकू आणि पाठीचा टेकू हे सगळे त्यानंतर पुन्हा जुळवावे लागते.

पाय सरळ वर उचलणारे फूटरेस्ट आरामाचे वाटतात. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील, तर गुडघा सरळ होताच हे स्नायू बसण्याच्या हाडांना पुढे ओढतात, श्रोणी मागे लवंडते आणि व्यक्ती घसरते. पायांना सूज येते म्हणून ते वापरायचे असतील, तर खुर्चीच मागे कलवून पाय वर घ्यावेत.

कापडी बैठक असलेल्या घडीच्या खुर्च्यांत कापड कालांतराने झोळीसारखे खोल होते. मग गुडघे एकमेकांकडे येतात आणि श्रोणी एका बाजूला कलते. कुशनखाली बैठकीच्या मापाची पक्की, सपाट फळी घातल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो. हाताचे टेकू इतक्या उंचीवर असावेत की खांदे न उचलता आणि न झुकता कोपरे त्यांवर विसावतील. पाठीच्या टेकूची उंची इजेच्या पातळीवर ठरते: मानेतील इजेत तो खांद्याच्या पात्यांपर्यंत किंवा त्याहून वर लागतो, तर खालच्या इजेत आणि हातांनी खुर्ची चालवणाऱ्यांसाठी तो पात्यांच्या खालच्या टोकाखाली थांबावा, म्हणजे खांदे मोकळे हलतील.

कमरेचा पट्टा पोटावर न बांधता श्रोणीच्या पुढच्या हाडांच्या खाली, मांडी आणि धड जिथे मिळतात तिथून बैठकीच्या मागच्या खालच्या बाजूकडे तिरपा जाईल असा बांधावा. छातीचा पट्टा कमरेच्या पट्ट्याशिवाय एकटा कधीही वापरू नये. व्यक्ती खाली घसरली तर तो गळ्यापर्यंत येऊ शकतो आणि श्वास कोंडू शकतो.

कुशन

कोणतेही कुशन दाब नाहीसा करत नाही. ते दाब पसरवते. फोमचे कुशन हलके आणि स्थिर असते, पण काही महिन्यांत दबून त्याचा उपयोग संपू लागतो. जेल किंवा द्रव भरलेले कुशन हाडांभोवती आकार घेते, मात्र त्याचे वजन जास्त असते, आणि जेल बाजूला सरकून मध्ये पोकळी राहू नये म्हणून ते रोज हाताने सारखे करावे लागते. उन्हात राहिलेले जेल चटका देण्याइतके तापते. हवेच्या पेशींचे कुशन दाब चांगला पसरवते, परंतु त्याच्यावर तोल राखणे अवघड जाते आणि हवेचे प्रमाण रोज तपासावे लागते. ज्यांचा धडावर ताबा कमी आहे, त्यांना केवळ दाबाचा विचार करून हवेचे कुशन दिले तर ती माणसे तोल सांभाळण्यासाठी आणखी वाकडी बसतात. निवड करताना दाब मोजणाऱ्या चटईवर बसून वेगवेगळी कुशने पडताळता आली, तर ती संधी सोडू नये.

कुशन तळाला लागले आहे का, हे हाताने तपासता येते. व्यक्ती नेहमीच्या बैठकीत बसलेली असताना हवेच्या कुशनच्या आवरणाखाली तळहात वर करून हात घालावा, आणि सर्वांत खाली आलेले बसण्याचे हाड शोधावे. हाड आणि कुशनचा तळ यांच्यामध्ये साधारण दीड ते अडीच सेंटीमीटर अंतर राहिले पाहिजे. बोट चिमटले गेले तर हवा कमी आहे. बोटाला हाड लागतच नसेल तर हवा जास्त आहे, आणि ही चूकही तितकीच वाईट, कारण फुगलेल्या कुशनमध्ये हाडे रुतत नाहीत आणि भार छोट्या उंचवट्यांवर राहतो. हवामान थंड झाले, उंचावरच्या ठिकाणी गेलात किंवा विमानाने प्रवास केला, तर हवेचा दाब बदलतो. तेव्हा पुन्हा तपासावे.

मधोमध भोक असलेली कडी किंवा टायरसारखी गादी वापरू नये. ती कडेच्या मांसावर दाब टाकून मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. कुशनवर टॉवेल, जाड चादर, प्लॅस्टिक किंवा दुसरी उशी घातली, तर कुशन आकार घेऊ शकत नाही. कुशनला पुढची आणि मागची बाजू असते. धुतल्यावर ते उलटे घातले जाणे ही फार साधी आणि फार महागात पडणारी चूक आहे, म्हणून मागच्या बाजूला ठळक खूण करून ठेवावी. मागच्या खिशातले पाकीट किंवा मोबाइल, पँटची जाड शिवण, धातूची बटणे, नितंबांखाली गोळा झालेला कपडा, मांडीखाली दबलेली कॅथेटरची (लघवी बाहेर काढण्यासाठी लावलेली) नळी, या प्रत्येक गोष्टीचा वळ त्वचेवर उमटतो आणि बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. बसल्यावर एकदा हाताने सगळीकडे चाचपून पाहावे.

दाब उतरवण्याच्या हालचाली

दर १५ ते ३० मिनिटांनी दाब उतरवावा आणि प्रत्येक वेळी तो किमान एक ते दोन मिनिटे उतरलेला राहावा, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. यातला दुसरा भाग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. हातांवर जोर देऊन शरीर उचलायचे, पाच-दहा सेकंद धरायचे आणि पुन्हा बसायचे, हीच पद्धत अनेक वर्षे शिकवली गेली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऊतींमधला प्राणवायू पूर्ववत होण्यासाठी दाब सरासरी १ मिनिट ५१ सेकंद उतरलेला असावा लागतो, असे आढळले. इतका वेळ स्वतःला हातांवर तोलून धरणे जवळजवळ कोणालाच जमत नाही. शिवाय त्याने खांदे झिजतात, आणि ज्याचे चालणे, उठणे, पलंगावर जाणे सगळे हातांवर आहे त्याचे खांदे गेले तर उरलेले स्वातंत्र्यही जाते. म्हणून उचलण्यापेक्षा वाकणे आणि कलणे अधिक चांगले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे वाकणे ही सर्वांत परिणामकारक हालचाल आहे. आधी खुर्ची किंचित मागे घ्यावी, म्हणजे पुढची छोटी चाके पुढच्या दिशेला वळतात आणि खुर्ची पुढे उलटण्याचा धोका कमी होतो. ब्रेक लावून पाय फूटरेस्टवर नीट आहेत हे पाहावे. मग छाती मांड्यांकडे नेत पुढे वाकावे आणि कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत, किंवा जमत असेल तर हात पावलांकडे न्यावेत. नुसती मान खाली घालून काही होत नाही. नितंबांचा मागचा भाग कुशनवरून हलका झाला पाहिजे, आणि तो झाला का, हे मदतनिसाने एकदा हात घालून पाहून द्यावे. तोल राहत नसेल तर समोर पलंग किंवा टेबल घेऊन त्यावर पुढचे हात आणि डोके टेकवावे, किंवा मदतनिसाने समोर बसून खांद्यांना आधार द्यावा. टेबलावर टेकून वाचणे, फोनवर बोलणे यात दोन मिनिटे सहज जातात. वाकल्यावर चक्कर आली किंवा श्वास अडला तर हळूहळू वर यावे आणि दुसरी पद्धत निवडावी.

बाजूला कलताना एका हाताच्या टेकूवर किंवा शेजारच्या पलंगावर कोपर टेकवून धड त्या बाजूला इतके न्यावे की दुसऱ्या बाजूचे नितंब मोकळे होईल, आणि मग दुसऱ्या बाजूला तितकाच वेळ द्यावा. मानेच्या खालच्या भागात इजा असलेल्या आणि बोटांची पकड नसलेल्या व्यक्ती एक हात पाठीमागच्या ढकलण्याच्या दांड्याभोवती अडकवून विरुद्ध बाजूला कलू शकतात; अडकवलेला हात पडू देत नाही आणि परत येताना ओढूनही घेतो.

ज्यांना स्वतः हलता येत नाही, त्यांच्यासाठी पूर्ण बैठक मागे कलणारी खुर्ची लागते. थोडासा कल तोल आणि आराम यांसाठी चांगला असतो, पण दाब उतरवण्याच्या दृष्टीने त्याचा फारसा उपयोग नाही. निदान ३० अंशांच्या पुढे, आणि शक्य असेल तर ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक कल दिला, तरच भार नितंबांवरून पाठीकडे पुरेसा जातो. खुर्चीचा कोन डोळ्यांनी अजमावताना माणसे तो नेहमी जास्त समजतात, म्हणून एकदा कोन मोजून खुर्चीवर खूण करून ठेवावी. पाठीचा टेकू वेगळा मागे पाडता येत असेल, तर आधी पूर्ण बैठक कलवावी आणि मग टेकू पाडावा. परत येताना आधी टेकू उभा करावा आणि मग बैठक सरळ करावी. हा क्रम उलटला तर व्यक्ती खाली घसरते आणि आतली ओढ वाढते. परत आल्यावर मदतनिसाने व्यक्तीला क्षणभर पुढे घेऊन पाठीमागचा चुरगळलेला कपडा सोडवावा.

वेळेची आठवण मनावर सोपवू नये. थरथरणारे घड्याळ किंवा मोबाइलचा गजर लावावा, कारण कामात गढलेल्या माणसाला अर्धा तास गेल्याचे कळत नाही आणि नितंब त्याला हाक मारत नाहीत.

त्वचेची तपासणी आणि धोक्याच्या खुणा

सकाळी उठण्यापूर्वी आणि रात्री आडवे झाल्यावर सर्व हाडांच्या जागा पाहाव्यात. लांब दांड्याचा आरसा किंवा मोबाइलने काढलेले छायाचित्र यांमुळे ही तपासणी स्वतः करता येते, आणि छायाचित्रांमुळे काल आणि आज यांतला फरकही दिसतो. गोऱ्या त्वचेवर लाली दिसते, पण सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती सहज दिसत नाही. तेथे जांभळट, निळसर किंवा आजूबाजूपेक्षा गडद झालेला भाग शोधावा, आणि बोटांनी चाचपून तो भाग जास्त गरम किंवा थंड, टणक किंवा पिचपिचीत लागतो का हे पाहावे. लाल भागावर बोट दाबून सोडल्यावर तो क्षणभर पांढरा होत नसेल, तर त्या जागेला इजा सुरू झाली आहे. अशा जागेला चोळू किंवा मालिश करू नये. आत फुटलेल्या रक्तवाहिन्यांना त्याने आणखी इजा होते.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल, तर चुकीची बैठक, रुतणारा पट्टा, मुडपलेली नळी किंवा नकळत झालेला बेडसोअर यांमुळे रक्तदाब एकाएकी धोकादायकरीत्या चढू शकतो. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, इजेच्या वरच्या भागात घाम फुटणे आणि नाडी मंद होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी खुर्ची मागे कलवू नये. व्यक्तीला सरळ बसवावे, पाय खाली सोडावेत, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करावेत, कॅथेटर आणि मूत्राशय आधी तपासावे, मग मलाशयाचा आणि त्वचेचा विचार करावा. लक्षणे लगेच उतरली नाहीत तर ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. याउलट, उठून बसल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन रक्तदाब उतरला असेल, तर खुर्ची मागे कलवून पाय वर घेतल्याने बरे वाटते. या दोन अवस्था वेगळ्या ओळखता येणे घरातल्या प्रत्येक मदतनिसाला शिकवले पाहिजे. पायांचा ताठरपणा विनाकारण वाढला, तरी त्वचा पाहावी. जिथे वेदना कळत नाही, तिथे शरीर असाच निरोप धाडते.

डाग आढळल्यावर

बसून उठल्यावर आलेली लाली अर्ध्या तासात पूर्ण गेली, तर बसण्याचा वेळ तूर्त वाढवू नये आणि बैठक, कुशन व कपडे तपासावेत. अर्ध्या तासानंतरही ती राहिली, तर ती पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर अजिबात भार देऊ नये. डाग नितंबावर असेल, तर याचा अर्थ बसणे बंद आणि कुशीवर किंवा पालथे झोपणे, असाच होतो. कामाचे नुकसान होते, घरात अडकून पडावे लागते आणि ते अतिशय जाचते. परंतु त्या वेळी दिलेले चार दिवस पुढे लागणारे कित्येक महिने वाचवतात. साल निघाली, फोड आला, भाग काळा पडला, वास किंवा पू येऊ लागला, किंवा ताप आला, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

जागा पूर्ण बरी झाल्यावर, आणि नवीन कुशन किंवा नवीन खुर्ची आल्यावरही, बसण्याची सुरुवात पहिल्या दिवसासारखी करावी. पहिल्यांदा १५ मिनिटे बसून पुन्हा आडवे व्हावे आणि त्वचा पाहावी. लाली राहिली नाही, तर पुढच्या वेळी आणखी १५ मिनिटे वाढवावीत. राहिली, तर आधीच्या वेळेवर परत यावे. बसण्याची वेळ, किती मिनिटे बसलात आणि उठल्यावर त्वचा कशी होती, हे तिन्ही एका वहीत रोज लिहून ठेवावे, आणि पुढच्या तपासणीला जाताना ती वही आणि रोजचे कुशन दोन्ही थेरपिस्टकडे न्यावीत.